परिचारिका कशाने टिकते?

बेंगळुरूच्या शिवाजीनगरातलं बौरिंग आणि लेडी कर्झन रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासूनचं. आज ते वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. अशा रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी, इतर ठिकाणी पाचांमागे एक, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष. देशातल्या बहुतेक भरलेल्या वॉर्डांत, विशेषतः रात्रपाळीला, हा हिशेब कागदावरच राहतो.

परिचारिका नोकरी का सोडतात, याचं पहिलं उत्तर पगार. ते खोटं नाही. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयांनीही महिना किमान 20,000 रुपये द्यावेत, असं 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या समितीला सांगावं लागलं, यातच सगळं आलं. पण पगारापाशी विषय संपत नाही. संशोधक लिंडा एकेन यांच्या 2002च्या अमेरिकी अभ्यासात दर परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तिच्या नाराजीची शक्यता 15 टक्क्यांनी आणि रुग्ण दगावण्याची 7 टक्क्यांनी वाढलेली आढळली.

अंथरुणाला खिळून असलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलायची, हे शिकतानाच अंगवळणी पडतं. पण एका खाटेवर सलाईन संपत आलेलं, दुसऱ्या खाटेचे नातेवाईक आवाज चढवून बोलताहेत, तेवढ्यात नवीन पेशंट येतो. कूस बदलायची राहते. पाळी संपताना पुढच्या परिचारिकेला ओव्हर देतानाही ते सांगायचं राहून जातं. पाय दुखले तर झोपेने बरे होतात. राहिलेलं काम डोक्यातून जात नाही.

याच्या उलट मुंबईच्या केईएम रुग्णालयाकडे पाहावं. तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग 1973 मध्ये त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर 2015 पर्यंत तिथेच अंथरुणाला खिळून होत्या. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, पण अरुणांना बेडसोर, म्हणजे पडून राहिल्याने होणारी जखम, होऊ दिला नाही. त्यांना हलवण्याचा घाट घातला गेला, तेव्हा परिचारिकांनी विरोध करून तो हाणून पाडला. काम मनासारखं करता आलं आणि आपल्या शब्दाला वजन राहिलं, की माणूस किती चिवटपणे टिकतो, याचा हा पुरावा.

मात्र ही निष्ठा गृहीत धरून जागा रिकाम्या ठेवणं किंवा कंत्राटावर भरणं, ही शुद्ध लबाडी. राजीनामे मोजण्याआधी व्यवस्थापनाने एका पाळीत राहून गेलेली कामं मोजावीत. राजीनाम्याची सुरुवात तिथेच होते.