ब्रेक कोणाच्या नावावर?

मोटारसायकलचं हँडल दोन इंच उंच केलं की पाठीला बरं वाटतं, यावर माझं आणि माझ्या भाच्याचं एकमत आहे. वाद आहे तो हँडलबरोबर उंच न झालेल्या पाईपचा.

भाचा लांब पल्ल्याचा गडी. फुलपाड्याहून निघून जव्हार काय, दमण काय! कंबर बोलू लागली तेव्हा त्याने उंच हँडल आणलं. मेकॅनिकने ते बसवलं, क्लच-अॅक्सिलरेटरच्या केबली लांब टाकल्या आणि म्हणाला, "ब्रेकचा पाईप जुनाच पुरतोय."

"मग राहू दे," भाचा म्हणाला. वाचलेल्या पैशांत त्याला सामानाची पेटी घ्यायची होती.

पुरत होता, म्हणजे हँडल सरळ असताना. सरळ असताना आमचा पगारही पुरतो! मी हँडल पार कडेपर्यंत वळवायला लावलं, तर पाईप पंचवीस तारखेच्या पगारासारखा ताणला गेला. शिवाय खड्ड्यातून चाक उसळलं की पुढचा शॉकअब्सॉर्बर लांबतो, तेव्हा आणखी ओढ.

बरं, नवा पाईप म्हणजे नुसता पाईप नव्हे. सांध्याचे तांब्याचे वायसर नवे, ब्रेक ऑइल नवं. मग लिव्हर दाब, खालचं निपल सोड, आवळ, पुन्हा दाब, असं करत आतली हवा काढायची. ऑइल दबत नाही, हवा दबते. बुडबुडा राहिला तर लिव्हर मुठीला टेकते आणि गाडी चालूच!

खर्च ऐकून भाच्याने तत्त्वज्ञान काढलं. "मामा, गाडी माझी, जीव माझा. तुम्ही कशाला काळजी करता?"

मी कायदा काढला. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२ : आरसीतला तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही, असा बदल मालकाने करू नये.

"आरसीत हँडलची उंची कुठे लिहिलीय?"

नाही लिहिलेली. आणि कागदावर जे नाही, त्यापुढे बँकेतल्या माणसाची मती चालत नाही.

पण ते 'जीव माझा' काही माझ्या घशाखाली उतरेना. हँडल त्याचं, पाठ त्याची, कबूल. ब्रेक कोणाचा? विरार फाट्याला भाजीची पिशवी घेऊन एखादी बाई अचानक आडवी आली, की तो लागतो. तिला कोणी विचारलंय? ब्रेक म्हणजे त्या अनोळखी बाईच्या नावे काढून ठेवलेला डिमांड ड्राफ्ट. चेक असता तर 'शिल्लक नाही' म्हणून परत करता आला असता. ती ड्राफ्ट कधी पुढे करील याचा नेम नाही, आणि हा त्यातून पेटीचे पैसे काढायला निघालेला!

"असं म्हटलं तर कोणी गाडीच काढू नये," भाचा म्हणाला. "जोखीम कशात नाही?"

मुद्दा बिनतोड होता. नवा पाईपही फुटू शकतो, माझा नाइलाज आहे. पण नाइलाजाची जोखीम आणि पेटीसाठी पत्करलेली जोखीम एकाच खात्यात टाकायची, तर माझ्या हाताने ती नोंद होणार नाही. आणि दुसऱ्याच्या खात्यातली रक्कम त्याच्या सहीशिवाय उचलतात, त्याला आमच्याकडे वेगळा शब्द आहे. तो मी भाच्यासमोर उच्चारला नाही.

भाच्याने पुन्हा एकदा हँडल कडेपर्यंत वळवलं, वाकून पाईप पाहिला.

"नवा यायला किती दिवस?"

"दोन-तीन," मेकॅनिक म्हणाला. "तोवर गाडी इथेच राहू दे."

पेटीचं नाव कोणी काढलं नाही.