भिंतीवरचे वचन

उर्दू शाळांच्या भिंती ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे वचन नव्याने सांगायला नको. इल्म मिळवण्यासाठी चीनपर्यंत जावे लागले तरी जा, अशा अर्थाचे. कुठे हिरव्या रंगात, कुठे निळ्या, आणि खाली 'हदीस' एवढाच शब्द. आम्ही ज्या शाळेत शिकलो तिथे ते मुख्य दरवाजावर होते. ज्या शाळेत शिकवतो तिथे ते ऑफिसबाहेर, पाण्याच्या टाकीच्या वर आहे. म्हणजे होते.

नववीच्या वर्गात आम्ही विज्ञान शिकवतो. पुराव्याशिवाय विज्ञान काहीही मान्य करत नाही, हे वाक्य आम्ही दरवर्षी जूनमध्ये मोठ्या आवाजात म्हणतो. मागच्या वर्षीही म्हटले. तास संपल्यावर एक मुलगी दाराशी थांबली आणि तिने विचारले, "सर, बाहर दीवार पर जो हदीस लिखी है, वो किस किताब में है?" आम्ही क्षणभर घुटमळलो आणि म्हणालो, "बुखारी में होगी." मुलगी "जी सर" म्हणून गेली. त्या 'होगी'ने मात्र आम्हाला रात्री झोप लागू दिली नाही.

शोध घेतला. हे वचन बुखारीत नाही, मुस्लिममध्ये नाही, हदीसच्या सहा प्रमाण संग्रहांपैकी एकातही नाही. इब्ने हिब्बान यांनी ते निराधार ठरवले. इमाम बैहकी यांनी मजकूर मशहूर आहे पण सनदी कमजोर आहेत असा शेरा मारला. बाराव्या शतकात बगदादच्या इब्नुल जौजी यांनी बनावट हदीसांचा जो मोठा संग्रह केला त्यात हे वचन घातले. नंतरच्या काही आलिमांनी त्याला बनावट न म्हणता जईफ म्हणजे दुर्बळ म्हटले, एवढीच काय ती सवलत. म्हणजे ज्या वाक्याच्या सावलीत आम्ही 'पुरावा मागा' असे शिकवत होतो, त्या वाक्याचाच पुरावा आम्ही कधी मागितला नव्हता.

इथे सनद म्हणजे काय हे थोडे सांगितले पाहिजे. आपल्याकडे सनद म्हटले की पदवीचा कागद किंवा इनामाची सनद आठवते. हदीसशास्त्रात सनद म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी. मी अमक्याकडून ऐकले, त्याने तमक्याकडून, असे मागे मागे जात थेट रसूलुल्लाहांपर्यंत (स.). या साखळीतला प्रत्येक माणूस तपासला जाई. तो कधी जन्मला, कुठे राहिला, ज्याचे नाव घेतो त्याला खरोखर भेटला होता का, त्याची स्मरणशक्ती कशी होती, म्हातारपणी तो गोंधळू लागला होता का. हजारो माणसांच्या या माहितीचे 'अस्माउर रिजाल' नावाचे स्वतंत्र शास्त्रच तयार झाले. आज विद्यापीठांच्या नियतकालिकांत जो शोधनिबंध छापला जातो, त्यातही प्रत्येक विधानाला आकडा असतो. तो आकडा तळटीपेकडे जातो, तळटीप आधीच्या निबंधाकडे, तो निबंध त्याच्या आधीच्याकडे, आणि शेवटी एखाद्या प्रयोगवहीशी किंवा दप्तरखान्यातल्या कागदाशी ही साखळी संपते. फरक आहे. सनद विचारते, कोणी सांगितले? विज्ञान त्यापुढे विचारते, तू स्वतः करून पाहिलेस तर तेच दिसते का? पण कुळ एकच. अकराव्या शतकात इब्नुल हैसम यांनी टॉलेमीवरच्या शंकांचा एक ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी मोठ्यांचे ग्रंथ वाचणाऱ्याने त्यांच्याकडे विरोधकाच्या नजरेने पाहावे असे सुचवले आणि लगेच बजावले की ही शंका स्वतःवरही घ्यावी. त्यातला दुसरा भाग आपल्या सभांमधून क्वचितच सांगितला जातो. इब्नुल हैसम आमचे, असे म्हणून टाळ्या घेणे सोपे पडते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वचन चांगले आहे, त्याने कोणाचे वाईट झालेले नाही, मग ते कोणी सांगितले याचा एवढा खल कशाला? हा प्रश्न आम्हाला आमच्या हेडमास्तर साहेबांनी विचारला, आणि तो क्षुल्लक नाही.

हा प्रश्न नवाही नाही. हदीसशास्त्राच्या ग्रंथांत नूह बिन अबी मरियम नावाच्या माणसाची हकीकत येते. कुरआनच्या एकेका सुरेच्या फजीलतीविषयी त्याने हदीसी रचल्या. कारण विचारल्यावर त्याने सांगितले की लोक फिकह आणि लढायांच्या इतिहासात रमून कुरआनपासून दूर चालले होते, त्यांना परत आणण्यासाठी हे केले. हेतू पाहा! आणि तरीही मुहद्दिसांनी त्याला माफ केले नाही. पैशासाठी किंवा दरबारासाठी खोटे रचणाऱ्यांपेक्षा असे नेक खोटे रचणारे त्यांना अधिक धोक्याचे वाटले, कारण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून कोणी संशय घेत नसे.

पण ही फक्त धर्माच्या प्रांतातली खोड आहे असे कोणी समजू नये. पालकाच्या भाजीचेच घ्या. पालकात लोह फार, हे आपण ऐकत आलो. शिकलेल्या माणसांनी त्यापुढची कहाणी ऐकलेली असते. जुन्या रसायनशास्त्रज्ञाने दशांश चिन्ह चुकीच्या जागी दिले, लोह दहापट दिसले, आणि त्यावरून पॉपाय नावाचा कार्टूनमधला खलाशी पालक खाऊ लागला. ही कहाणी 1981 साली हॅम्ब्लिन या इंग्रज डॉक्टरांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये सांगितली. विषय होता शास्त्रातल्या भूलथापा. तिला त्यांनी आधार दिला नव्हता. पुढे कित्येक विद्वानांनी ती उचलली, तीही अशा लेखांत, जिथे 'मूळ आधार पाहिल्याशिवाय लिहू नका' असा उपदेश होता! 2010 मध्ये माइक सटन या अभ्यासकाने मागोवा घेतला तर त्या दशांश चिन्हाचा पुरावा कुठे सापडेना. पॉपायने तर 1932 च्या एका चित्रपट्टीत पालक खाण्याचे कारण जीवनसत्त्व अ असे सांगितले होते, लोह नव्हेच. 2014 मध्ये रेकडाल या नॉर्वेच्या अभ्यासकाने यावर सबंध निबंध लिहून दाखवले की विद्वानांच्या जगातही वावड्या अशाच उडतात. एक जण दुसऱ्याचा हवाला देतो, दुसऱ्याचे पान उघडून पाहत नाही, आणि तळटिपांची रांग लागली की वावडीला इभ्रत येते. आम्ही हे वाचले तेव्हा आम्हाला टाकीवरची भिंत आठवली. पुरावा मागायला शिकवणारी गोष्टच बिनपुराव्याची.

उलट उदाहरणही आपल्या महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेत 1919 पासून 1966 पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार होत होती. बाराशेहून अधिक हस्तलिखिते गोळा करून एकेक श्लोक ताडून पाहिला गेला. गणपतीने महाभारत लिहून घेतले ही कथा घराघरांत माहीत आहे, पण आदिपर्वाचे संपादक सुकथनकर यांना ती मूळ संहितेचा भाग वाटली नाही, म्हणून त्यांनी ती परिशिष्टात ठेवली. स्वतः श्रद्धेच्या घरात राहून हे करायला काय लागत असेल याचा विचार आम्ही अनेकदा करतो. त्यांनी ती कथा पुसून टाकली नाही हेही महत्त्वाचे. तिची जागा सांगितली.

आपण काय केले? नील आर्मस्ट्राँगने चंद्रावर अजान ऐकली आणि इस्लाम स्वीकारला, हे आमच्या लहानपणी मिलादच्या जलशात सांगितले जाई. तो हयात असताना त्याने याचा इन्कार केला होता. 1983 साली अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याला आपल्या वकिलातींना तसे कळवावे लागले. आजही मोबाइलवर ती बातमी फिरते, आणि पुढे पाठवणाऱ्यांत आमच्यासारखे बी.एड. झालेलेही असतात.

निराधार गोष्ट नेहमीच निरुपद्रवी असते असेही नाही. 1998 साली 'लॅन्सेट' या नामांकित नियतकालिकात वेकफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, अवघ्या बारा मुलांवरचा निबंध आला आणि गोवराच्या लसीचा स्वमग्नतेशी संबंध असल्याची भीती जगभर पसरली. 2010 मध्ये नियतकालिकाने तो मागे घेतला. बारा वर्षे गेली. 2022 च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगाव भागात गोवर पसरला, मुंबईत काही बालके दगावली. आपल्या वस्त्यांतल्या लसीच्या भीतीची कारणे वेगळी आणि जुनी आहेत, ती वेकफील्डांच्या माथी मारणे म्हणजे पुन्हा बिनसनदीचे बोलणे होईल. पण कोणीतरी सांगितलेले न तपासता पुढे सांगण्याची सवय दोन्हीकडे सारखी, आणि किंमत दोन्हीकडे मुलांनीच मोजली.

इथपर्यंत लिहिणे सोपे होते. पुढचे लिहावे की नाही यावर आम्ही बरेच दिवस अडलो होतो.

बी.एड.ला कृतिसंशोधन नावाचा प्रकल्प असतो. एखादी अडचण निवडायची, मुलांची पूर्वचाचणी घ्यायची, उपाय करायचा, मग उत्तरचाचणी घेऊन फरक दाखवायचा. आमचा विषय होता सातवीच्या मुलांच्या मराठी लेखनातल्या चुका. उर्दू माध्यमाची मुले ऱ्हस्व-दीर्घात आणि 'ळ'मध्ये अडखळतात, हे आम्हाला स्वतःच्या अनुभवावरून ठाऊक होते. म्हणजे विषय खरा होता. चाचणी मात्र आम्ही घेतलीच नाही. सत्रपाठ, पाठ टाचणे, परीक्षा, या धावपळीत वेळ उरला नाही. आदल्या वर्षीची एक फाइल मिळाली. चाळीस मुलांचे गुण आम्ही खोलीवर बसून भरले. पूर्वचाचणीची सरासरी पंचवीसपैकी अकरा, उत्तरचाचणीची सतरा. अगदीच सगळे पुढे गेले असे दिसू नये म्हणून तीन मुलांना मुद्दाम मागे ठेवले. ती कल्पना आम्हाला तेव्हा फार हुशारीची वाटली होती. फाइलीला चांगले गुण मिळाले. सगळेच तसे करत, हे खरे आहे. आणि आमच्या हातात ती चाळीस मुले नव्हती, चाळीस आडनावे होती, हेही तेवढेच खरे.

ती फाइल कॉलेजच्या कपाटात असेल. तिचा उपयोग करून कोणी पुढच्या वर्षीची फाइल केली असेल. अशी आमचीही एक साखळी चालू असेल, आणि तिच्यातले एक नाव आमचे.

2018 मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळालेल्या फ्रान्सिस अर्नोल्ड यांनी जानेवारी 2020 मध्ये आपला एक ताजा निबंध मागे घेतला. त्यातले प्रयोग पुन्हा केल्यावर तेच निष्कर्ष येत नव्हते. त्यांनी जाहीरपणे माफी मागितली आणि निबंध पाठवताना आपण कामात होतो, नीट लक्ष दिले नाही, असे कबूल केले. नोबेलनंतर अवघ्या दीड वर्षात. आम्हाला कोणी नोबेल दिलेले नाही, तरी 'बुखारी में होगी' मागे घ्यायला आम्हाला आठ दिवस लागले.

मुलीला वर्गासमोर सांगितले की आम्ही चुकलो. हेडमास्तर साहेबांशी मात्र बराच वाद झाला. त्यांनी आम्हाला एक गोष्ट सांगितली, आणि ती आम्हाला अजूनही खोडता येत नाही. काही वर्षांपूर्वी याच शाळेतून दहावी झालेल्या एका मुलीला घरचे पुढे शिकू देत नव्हते, ज्युनिअर कॉलेज दूर होते. तिची आई निरक्षर. ती नवऱ्याला शाळेच्या अंगणात घेऊन आली, भिंतीकडे बोट दाखवले आणि म्हणाली, "चीन तक जाने का बोले हुजूर ने, तुम एसटी में बैठने को रोकते?" मुलगी आज नर्स आहे. "वो सनद पूछती तो बेटी घर में बैठती," हेडमास्तर साहेब म्हणाले. आम्ही गप्प राहिलो. त्या खालांच्या हातात दुसरे काय होते? जे त्यांना वाचता येत नव्हते पण ऐकून पाठ होते, ते त्यांनी वापरले. त्यांच्याकडे बोट दाखवण्याची आमची लायकी नाही. पण आम्हाला वाचता येत होते. त्या भिंतीवर खरे वचन लिहिलेले असते तर त्यांनी तेच दाखवले असते, आणि ते लिहिणे आमचे काम होते. अमानत आमच्याकडे होती, खालांकडे नव्हे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेला रंग लागला. हेडमास्तर साहेबांनीच पेंटरला थांबवून आम्हाला फोन केला, "बोलो, क्या लिखना है?" इल्म मिळवणे प्रत्येक मुसलमानावर फर्ज आहे, या अर्थाची हदीस आम्ही सुचवली. खाली 'हदीस' एवढेच न लिहिता 'इब्ने माजा, 224' असे लिहून घेतले. पेंटरने आकड्याचे वेगळे पैसे मागितले नाहीत.

जूनमध्ये शाळा उघडली. ती मुलगी आता दहावीत आहे. दुसऱ्याच दिवशी ती वही घेऊन आली. इब्ने माजाच्या त्या सनदीतल्या एका रावीला मुहद्दिसांनी कमजोर म्हटले आहे, आणि काही आलिम इतर सनदींच्या आधारावर ही हदीस मान्य करतात, असे तिने मौलाना साहेबांना विचारून लिहून आणले होते. "सर, तो नीचे ये भी लिखना चाहिए ना?"

भिंतीवर तेवढी जागा नव्हती. आम्ही तिची वही वाचून दाखवायला वर्गात नेली.