वाटेवरचा परका आणि आपले मत

आपल्या भाषेत 'मत' हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. मतदान केंद्रावर जाऊन देतो ते मत आणि मनात बाळगतो तेही मतच. पहिले मत गुप्त ठेवण्याचा हक्क कायद्याने आपल्याला दिला आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार, आपण कुणाला मत दिले हे सांगण्याची सक्ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यातदेखील कुणावर करता येत नाही. दुसऱ्या मताचे काय? प्रवासात भेटलेल्या आणि पुन्हा बहुधा कधीच न भेटणाऱ्या माणसाने ते विचारले, तर त्याला खरे उत्तर देणे आपल्यावर बंधनकारक आहे काय? प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु शेजारधर्माविषयी आपण मंदिरात जे ऐकतो, त्याची परीक्षा अशा लहान प्रसंगीच होत असते.

किनाऱ्यावरच्या आपल्या गावांना घाटावरचा प्रवास नवा नाही. पाली, उत्तन, चौक, डोंगरी येथील भाविक सप्टेंबरात मतमाउलीच्या यात्रेसाठी हरेगावी जायला निघतात, तेव्हा घोडबंदर व भिवंडी मागे टाकून कसारा घाट चढतात आणि घोटी, सिन्नर, शिर्डी, बाभळेश्वर अशी गावे घेत श्रीरामपूर तालुक्यात पोहोचतात. वाटेत चहासाठी गाडी थांबते. टपरीच्या बाकावर बसलेला माणूस "पाव्हणं, कुठलं गाव?" असे विचारतो. मग पाऊसपाण्याची चौकशी होते, आणि चहा संपण्याच्या आत तो मूळ विषयाला हात घालतो : "तुमच्याकडं हवा कुणाची?" ग्रामीण महाराष्ट्रात हा प्रश्न उद्धटपणाचा मानला जात नाही. परगावच्या माणसाला आपल्या बैठकीत सामावून घेण्याची ती एक रीत आहे.

आपल्या लोकांचे यावरचे रूढ उत्तर म्हणजे, "आम्हाला राजकारणातलं काही कळत नाही." आपला समाज लहान आहे, उगाच कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये, अशी वडीलधाऱ्यांची शिकवण असते. त्या शिकवणुकीमागे भीती आहे तसा अनुभवही आहे, आणि म्हणून तिची थट्टा करणे योग्य नव्हे. पण हीच माणसे घरी परतल्यावर रात्रीच्या जेवणाला बसून काय बोलतात? डिझेलचा परतावा वेळेवर का मिळत नाही. २००२ साली महानगरपालिका झाली तेव्हापासून आपल्या गावांच्या पदरात काय पडले. शहराचा कचरा धावगीच्या डोंगरावरच का आणून टाकावा. पर्ससीन जाळ्यांवर २०१६ साली राज्य शासनाने घातलेले निर्बंध प्रत्यक्ष समुद्रात कितपत पाळले जातात. हे सारे राजकारणच आहे आणि ते आपल्याला चांगले कळते. तेव्हा 'कळत नाही' हे उत्तर नम्रतेचे दिसले तरी खरे नसते.

दुसरे उत्तर त्याहून सोपे. समोरचा ज्या पक्षाची बाजू घेईल त्याला मान डोलवायची, आणि पुढच्या थांब्यावर दुसरा कुणी त्याच्या उलट बोलला तर त्यालाही. तिसरे उत्तर तरुणांना अधिक प्रिय असते : दोन वाक्यांतच समोरच्याला खोडून काढायचे, आवाज चढवायचा आणि आपण जिंकलो या समाधानात गाडीत येऊन बसायचे.

या दोन टोकांचा विचार तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी फार बारकाईने केलेला आहे. त्यांच्या 'सुम्मा थिऑलॉजिका' या महाग्रंथाच्या दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धात ११४ ते ११६ असे तीन लहान प्रश्न आहेत. सेमिनरीत शिकताना विद्यार्थी त्यांवरून भराभर पुढे जातात, कारण तेथे मोठ्या पापांची चर्चा नाही. ॲरिस्टॉटलच्या मागोमाग जात संत थॉमस म्हणतात की, लोकांशी बोलता-वागताना स्नेहभाव राखणे हा एक स्वतंत्र सद्गुण आहे. आणि त्याला ते न्यायाच्या सद्गुणाशी जोडतात. याचा अर्थ असा की, बरे बोलणे हे आपल्या मर्जीवर सोपवलेले दान नसून ते समोरच्या माणसाचे देणे आहे. प्रत्येक मनुष्य निसर्गतःच दुसऱ्या मनुष्याचा एका व्यापक अर्थाने मित्र असतो, म्हणून हे देणे अनोळखी माणसालाही लागू होते. मात्र जिवलगांशी असते तशी सलगी त्याच्याशी करण्याचे कारण नाही. या सद्गुणाचे दोन शत्रू ते सांगतात. एक खुशामत आणि दुसरा कलह. दोहोंपैकी स्वभावतः अधिक वाईट कोणता, या प्रश्नाला त्यांनी 'कलह' असे उत्तर दिले आहे. परंतु लाभासाठी किंवा फसवण्यासाठी केलेली खुशामत त्याहूनही जड ठरू शकते, अशी पुस्तीही जोडली आहे. मान डोलवणारे आणि आवाज चढवणारे असे आपण दोघेही येथे सापडतो.

पण केवळ स्नेहाने बोलणे एवढ्यावर भागत नाही. बोलण्यातून काय साधायचे? कांद्याचे उदाहरण घेऊ. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र शासनाने कांद्याची निर्यात बंद केली आणि मे २०२४ मध्ये ती बंदी उठवली. त्या महिन्यांत भाईंदरच्या बाजारात कांदा घेणाऱ्या गृहिणीला भाव आवाक्यात राहिला याचे बरे वाटले असेल. नाशिक जिल्ह्यातील उत्पादकाला मात्र तोच भाव बुडवणारा होता. एकाच निर्णयाला एक घर दिलासा म्हणते आणि दुसरे घर अन्याय. मासळी विकणाऱ्या बाईने आणि कांदा पिकवणाऱ्या माणसाने सिन्नरच्या टपरीवर एकमेकांचे ऐकले, तर भाव ठरवताना कुणाच्या ताटातून किती काढले जाते, हे दोघांनाही कळेल. कदाचित दोघेही आपले मत बदलणार नाहीत. पण त्यापुढे त्या मताच्या दुसऱ्या टोकाला एक चेहरा असेल.

परका नेहमीच परधर्मीय असतो असेही नाही. हरेगावी जमणाऱ्या नगरकडच्या ख्रिस्ती बांधवांत दलित कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला; १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा त्यात समावेश झाला; ख्रिस्ती दलित मात्र बाहेरच राहिले. एकाच वस्तीतील दोन भावांपैकी एक बौद्ध झाला आणि दुसरा ख्रिस्ती, तर पहिल्याला जो दर्जा आहे तो दुसऱ्याला नाही. आपल्या किनाऱ्यावरच्या घरांत या प्रश्नाची चर्चा क्वचितच होते. एकाच मातेपुढे मेणबत्ती लावून आपण आपापल्या गाड्यांत परततो आणि शेजारी उभ्या असलेल्या भावंडाला काय सलते आहे याची चौकशीही करत नाही. भक्ती एक असली तरी ऐकण्यावाचून माणसे परकीच राहतात.

ऐकण्याला राजकारणातही पूर्वी मान होता. जानेवारी १९१५ मध्ये गांधीजी आफ्रिकेहून परतले, तेव्हा नामदार गोखले यांनी त्यांच्याकडून एक वचन घेतले : वर्षभर देश फिरून पाहावा आणि तोवर सार्वजनिक प्रश्नांवर जाहीर बोलू नये. पुढच्याच महिन्यात गोखले निवर्तले, पण गांधीजींनी ते वचन पाळले आणि तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून हिंडत माणसे पाहिली. त्यांचे ते मौन आपल्या 'काही कळत नाही' या मौनाहून अगदी निराळे होते.

संत लूकने शेवटच्या अध्यायात सांगितलेली एम्माऊसच्या वाटेची कथा आपण पुनरुत्थानाच्या आठवड्यात ऐकतो. तिच्यातील एका गोष्टीकडे आपले सहसा लक्ष जात नाही. ते दोन शिष्य वाटेवरच्या परक्याशी जे बोलतात ते त्या काळचे धगधगते राजकारण आहे : महायाजकांनी व अधिकाऱ्यांनी काय केले, आणि इस्राएलची सुटका होईल या आपल्या आशेचे काय झाले. घडलेले सर्व ठाऊक असूनही प्रभू आधी विचारतो आणि त्यांची सारी निराशा शेवटपर्यंत ऐकून घेतो. त्यानंतर तो त्यांची कानउघाडणीही करतो. खुशामत करत नाही. आणि एवढे कठोर बोलूनदेखील त्यांनी आग्रह करताच त्यांच्या घरी जेवायला थांबतो. विचारणे, ऐकणे, खरे सांगणे आणि तरीही एका पंगतीला बसणे, हा क्रम आपल्यासाठी पुरेसा आहे.

या क्रमातील खरे सांगण्याची पायरी सर्वांत अवघड, आणि अलीकडे ती अधिकच अवघड झाली आहे. जानेवारी २०२४ मध्ये मीरा रोड येथे दोन समाजांत संघर्ष झाला. तेव्हापासून आपण 'मीरा-भाईंदरचे' म्हणून सांगितले की समोरच्याच्या डोळ्यांत एखादे वेळी कुतूहल उमटते. मग तो आपल्याला जवळचे मानून अनुपस्थित समाजाविषयी वाटेल ते बोलू लागतो आणि मध्येच, "तुम्ही ख्रिश्चन लोक बरे," असे प्रशस्तिपत्रही देतो. येथे मान डोलवणे म्हणजे आठव्या आज्ञेचा भंग करणाऱ्याला साथ देणे होय. ज्याच्याविषयी बोलले जात आहे तो तेथे नाही. त्याची बाजू सांगणारे आपल्याखेरीज कुणी नाही. "आमच्या शेजारी ती माणसं राहतात, सगळीच तशी नाहीत," एवढे शांतपणे म्हणायला फार धैर्य लागत नाही, पण थोडे लागतेच. ४ ऑक्टोबर २०२० रोजी प्रसिद्ध झालेल्या 'फ्रतेल्ली तुत्ती' या परिपत्रकात दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी वाटेवरच्या परक्याला एक संपूर्ण प्रकरण दिले आणि त्याच परिपत्रकात पुढे चांगल्या राजकारणालाही एक प्रकरण दिले. त्या दोन प्रकरणांमधला दुवा अशा एका वाक्यातही सापडू शकतो.

आम्हा धर्मगुरूंना हाच प्रश्न जरा निराळ्या रूपात विचारला जातो. झगा पाहून लोक म्हणतात, "फादर, यंदा तुमची मतं कुणाला?" जणू काही सबंध धर्मग्रामाची मते आमच्या खिशात असतात. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेतील २८७ वे कलम धर्मगुरूंना राजकीय पक्षांत सक्रिय भाग घेण्यास, ख्रिस्तसभेच्या हक्कांसाठी वा सर्वांच्या हितासाठी वरिष्ठांना तसे आवश्यक वाटले नाही तर, मनाई करते. म्हणून पक्षाचे नाव आम्ही घेत नाही. परंतु त्याच कलमात न्यायावर आधारलेली शांतता आणि सलोखा यांसाठी झटण्याचे कर्तव्यही आमच्यावर घातलेले आहे. तेव्हा कचऱ्याविषयी, कांद्याविषयी किंवा दलित बांधवांविषयी विचारले असता, 'आम्ही त्यात पडत नाही,' असे म्हणण्याची मोकळीक आम्हाला नाही. मते मात्र ज्याची त्याची असतात, हेही विचारणाऱ्याला स्पष्ट सांगावे लागते.

तर मग प्रत्येक वाटसरूपुढे मन उघडे करायचे काय? तसे नव्हे. एकट्या प्रवास करणाऱ्या स्त्रीने, पिऊन आलेल्या माणसासमोर बसलेल्या वृद्धाने, किंवा भांडण उकरण्यासाठीच विचारले जात आहे हे ओळखणाऱ्या कुणीही गप्प राहणे हा शहाणपणा आहे आणि शहाणपणाही सद्गुणच आहे. मौनाला मर्यादा एकच : त्याने खोटे बोलू नये. "ते मी सांगणार नाही," हे प्रामाणिक उत्तर आहे. "मला काही मत नाही," हे बहुधा तसे नसते. आणि जे आपल्याला पटत नाही त्याला "बरोबर आहे" म्हणणे कधीच तसे नसते. ज्याला आपण खोटा होकार देतो, त्याला खऱ्या उत्तराच्या लायकीचा मानलेलेच नसते.

पुढच्या यात्रेला निघताना मुलाबाळांना शिदोरीबरोबर एवढे जरूर सांगावे की, वाटेत कुणी गाव विचारले तर आधी त्याचेही गाव विचारा. त्याच्या शेताला काय भाव मिळाला, त्याच्या गावात पाणी आले का, हे ऐकून घ्या. त्यानंतर त्याने आपले विचारले तर पालीची बोट आणि धावगीचा डोंगर त्याला सांगा, न भिता आणि न वाढवता. मतदान केंद्रातले मत तुमचे एकट्याचे आहे, ते झाकून ठेवा. दुसरे मत विचारणाऱ्याला खरेपणाने द्या.