उसनी ऐट

लाज कुठे वाटावी आणि कुठे वाटू नये, याचे नियम ज्या कुणी केले त्याला हिशेब येत नसावा. लग्नाचंच पाहा. कार्यालय भाड्याचं, खुर्च्या भाड्याच्या, बँड भाड्याचा, घोडा भाड्याचा. हा घोडा काल भलत्याच नवरदेवाला घेऊन मिरवलेला असतो, त्याबद्दल कुणाची तक्रार नसते. पण त्या घोड्यावर बसलेल्याची शेरवानी भाड्याची आहे असं कळलं, की मांडवात कुजबुज सुरू होते. "ऐकलंत का? कपडेसुद्धा भाड्याचे!"

कपडे भाड्याने देणारे आमच्या जयसिंगपूरचे एक गृहस्थ सांगत होते, "साहेब, गिऱ्हाईक शेरवानी न्यायला दिवेलागणीनंतर येतं आणि परत द्यायला दूधवाल्याच्या आधी. वर म्हणतं, पिशवी दुसऱ्या दुकानाची द्या. तेच गिऱ्हाईक पोराला संमेलनात मावळा करायचा असला, की भर दुपारी येतंय आणि तलवारीच्या भाड्यावरून तासभर वाद घालतंय!"

मला या लाजेचं नवल वाटतं, कारण मी बँकेत आहे. बँक म्हणजे तरी काय? ठेवीदाराचे पैसे कमी भाड्याने घ्यायचे आणि कर्जदाराला जास्त भाड्याने द्यायचे. दिवसभर मी ज्या नोटा मोजतो त्यातली एकही माझी नसते. या व्यवहाराला कुणी उसनवारी म्हणत नाही, अर्थव्यवस्था म्हणतात.

आता कुठल्याही घरातलं कपाट उघडा. त्यात लग्नाचा सूट असतोच. तो अंगावर तीन तास होता आणि कपाटात वीस वर्षं आहे. दरवर्षी त्याला ऊन दाखवायचं, डांबराच्या गोळ्या घालायच्या आणि पोटाशी बटण लागत नाही हे पाहून परत ठेवायचा. आमची आजी लुगडं नेसून नेसून विरवायची, मग त्याची वाकळ व्हायची आणि वाकळीचं शेवटी पायपुसणं. वस्तूवर मालकी गाजवायची म्हणजे ती अशी. आपण नुसती राखण करतो.

बरं, सूट निदान महाग तरी असतो. हल्ली दोन-तीनदा घालून टाकायचे स्वस्त कपडे निघाले आहेत. स्वस्त म्हणजे आपल्याला स्वस्त. उरलेले पैसे कुणीतरी भरतंच. एका सुती टी-शर्टामागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं, असा डब्ल्यूडब्ल्यूएफ या संस्थेचा हिशेब आहे. शेजारच्या इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला आणि पुढे त्या मागांनी हजारो घरांच्या चुली पेटवल्या. त्यांचे उपकार आहेतच. पण कापड रंगवलं, धुतलं, की त्याचं पाणीही गावोगावच्या सांडपाण्याच्या जोडीने पंचगंगेला जाऊन मिळतं, आणि पंचगंगा आमच्या शिरोळ तालुक्यात नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. म्हणजे शर्ट कुणीतरी घालतो आणि त्याचा रंग नदीकाठच्या माणसाच्या वाट्याला येतो. मला विचाराल तर उसनी ऐट ती हीच. न विचारता घेतलेली, आणि कधीच परत न करायची. शेरवानीवाला निदान अनामत ठेवून घेतो!

पण भाड्याने आणलं म्हणजे पुण्य लागलं, असंही नाही. फिनलंडच्या काही संशोधकांनी २०२१ साली जीन्सचा हिशेब मांडला. आणायला आणि पोचवायला गाडी फिरवावी लागली, तर भाड्याची जीन्स ही विकत घेऊन फेकून दिलेल्या जीन्सपेक्षाही हवेला महाग पडते, असं त्यांना आढळलं. आमच्या गावाला ही अडचण नको. गल्ल्यांना नंबर, रस्ते काटकोनात. शेरवानी खांद्यावर टाकून चालत आणता येते. पण चालत आणली तर गाव बघतं! म्हणून माणूस शेजारच्या गल्लीतलं दुकान सोडून मोटार काढतो आणि कोल्हापूर गाठतो. म्हणजे फिनलंडच्या हिशेबात पेट्रोल लागतं, आमच्या हिशेबात लाजच टाकीत भरावी लागते.

हे सगळं मी सौ.ना सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, माझं काही म्हणणं नाही. येत्या लग्नाला शालू भाड्याने आणू. कुणी विचारलं तर?"

"खरं सांगायचं."

"सांगीन. आणि पुढच्या मुहूर्ताला तोच शालू नेसून दुसरी कुणी समोर आली तर?"

"मग तिलाही खरं सांगावं लागेल."

सौ. जरा विचारात पडली. मग म्हणाली, "असं असेल तर त्या दुसऱ्या लग्नाला मला आवर्जून जायचंय."

लाजेचं असंच असतं. एकट्याने बाळगली तर ती जड होते. दोघींत वाटली की हसू येतं.