याजकपण मागितलं, याजकाचं काम नाही

तुकोबांची पालखी अकलूज, माळीनगर करत श्रीपूरजवळच्या बोरगावाहून पंढरीकडे जाते. या वाटेवर कुणी जात विचारत नाही, असं आपण अभिमानाने सांगतो. पण वाट जिथे संपते त्या देवळाचं दार दलितांसाठी उघडावं म्हणून १९४७च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. तिथल्या वंशपरंपरागत पुजाऱ्यांचे, बडवे-उत्पातांचे, हक्क काढून घेणारा कायदा १९७३चा. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब व्हायला २०१४ उजाडलं. त्याच वर्षी मंदिर समितीने स्त्रियांकडून आणि ब्राह्मणेतरांकडूनही पुजारीपदासाठी अर्ज मागवले. झालं ते योग्यच झालं, उशिराच झालं. पण पुजारी कोणीही होऊ शकतो एवढं ठरलं, म्हणजे पुजाऱ्याचं काम सगळ्यांनी उचललं असं होत नाही.

हा पेच ज्यू आणि ख्रिस्ती शास्त्राला फार जुना आहे. मिसरच्या वेठबिगारीतून सुटलेले लोक सीनाय पर्वताशी येतात, तेव्हा देव मोशेच्या तोंडून सांगतो की करार पाळलात तर तुम्ही सगळेच याजकांचं, म्हणजे पुरोहितांचं, राज्य व्हाल. कालपर्यंत विटा थापणाऱ्यांना हा मान! पुढे वेदी मोशेचा भाऊ अहरोन याच्या घराण्याकडे जाते आणि कोरह बंड करतो: सगळी मंडळी पवित्र असताना तुम्हीच वर का? जमीन दुभंगून त्याला गिळते. पुरोहितशाहीच्या कैवाऱ्यांना ही गोष्ट भारी आवडते. मला कोरहचा सवाल खोटा वाटत नाही. पण तो काही तळातला माणूस नव्हता. तो लेवी कुळातला होता, निवासमंडपाच्या, म्हणजे देवाच्या तंबूच्या, सेवेतला होता. सगळ्यांचं नाव घेऊन त्याला हवं होतं ते स्वतःच्या हाती धूपपात्र.

मग सगळ्यांनी करायचं ते काम कोणतं? लेवीय पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय काढावा. तो अहरोनाच्या मुलांना उद्देशून नाही, इस्राएलाच्या सबंध मंडळीला आहे. पवित्र व्हा म्हटल्यावर काही ओळींतच तो थेट शेतात शिरतो: बांधाच्या कडेचं पीक कापू नका, सरवा वेचू नका, तो गरिबाचा आणि परक्याचा, मजुराची मजुरी रात्रभर स्वतःकडे ठेवू नका.

पेत्राच्या पहिल्या पत्रात हेच याजकपण आशिया मायनरमध्ये विखुरलेल्या, उपऱ्या ठरलेल्या विश्वासणाऱ्यांना दिलं आहे. त्याच अध्यायात पुढे दासांना धन्याच्या आज्ञेत राहायला सांगितलंय, हेही लपवू नये. याकोबाचं पत्र मात्र कापणी करणाऱ्यांच्या अडकवलेल्या मजुरीलाच वाचा फोडतं. आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा होती. पाळकाच्या पदापेक्षा त्यांना सेवा मोठी वाटली.

श्रीपूर साखरेवर उभं राहिलेलं गाव. उसाच्या या सगळ्या पट्ट्यात दिवाळीच्या सुमारास बीडकडून, दुष्काळी तालुक्यांतून टोळ्या उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. बाई मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते, पण उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मुकादमाकडून नवऱ्याच्या हातात पडते. हंगामात ती फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाच्या दारात. पोरं फडावर, शाळा गावाकडे. याच पट्ट्यात देवळांचे जीर्णोद्धार होतात, सप्ताह होतात, ख्रिस्ती वस्त्यांत प्रार्थनासभा होतात. मुकादमाच्या वहीबद्दल तिथे किती वेळा बोललं जातं?

पद खुलं करण्याची लढाई कोर्टात जिंकता येते. फडावरची लढाई ज्याचा ऊस तुटतो त्यानेच लढायची आहे, आणि तिथे आपण बहुतेक जण बडवेच निघतो. हे बोलायला कठोर आहे, पण खरं आहे.

तेव्हा कीर्तनकार बुवांनो, पाळकसाहेब, आणि पुजारीपदाचा अर्ज भरणाऱ्या ताई-दादांनो, येत्या हंगामात एवढं करा: आपल्या शिवारात उतरलेल्या टोळीची उचल, तिचा हिशोब आणि त्यात बाईचं नाव आहे की नाही, हे चारचौघांत विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून उठू नका.