डोंगर ढासळतो तेव्हां

मननासाठीं शास्त्रभाग : ईयोब १४:१८, १९; लूक १३:१–५; अनुवाद २२:८.



जें कधीं हलत नाहीं त्यास आपण डोंगराची उपमा देतों. राजे गेले, गांवें उठलीं, तरी डोंगर जेथल्या तेथें आहे, असें वृद्ध मंडळी म्हणत असतात. परंतु ईयोबानें दुःखाच्या दिवसांत निराळीच गोष्ट पाहिली. डोंगरालाही ढासळणें आहे आणि दगडालाही पाण्यापुढें झिजणें आहे, हें त्याच्या ध्यानांत आलें.

त्याची साक्ष आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यांत मिळते. पारनेर तालुक्यांत निघोज गांवाजवळ कुकडी नदीच्या पात्रांत काळ्या कातळाला रांजणासारखे खोल खळगे पडले आहेत. ते कोणी टांकीनें खोदले नाहींत. पुराच्या भोंवऱ्यांत सांपडलेले गोटे एकाच जागीं गरगर फिरत राहिले व त्यांनीं फार मोठ्या काळांत कातळ कोरून काढला. हा कातळ म्हणजे सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून वाहून थंड झालेला अग्निरस होय. त्याचेच थरावर थर बसून आपले डोंगर झाले. अकोले तालुक्याच्या सीमेवरील कळसूबाईचें शिखर १,६४६ मीटर उंच, महाराष्ट्रांत सर्वांत उंच. पण तेंही ह्याच खडकाचें आहे व तेंही झिजत आहे.

ऊन, पाऊस व झाडांचीं मुळें खडक फोडतात. खडकाचा मुरूम होतो, मुरमाची माती होते. प्रवरेनें अशी माती वाहून आणली म्हणून संगमनेर, राहुरी व नेवासें येथील शेतें पिकतात. डोंगर झिजला नसता तर आपल्या ताटांत भाकर आली नसती. यास्तव झिजणें हा शाप आहे असें कोणी समजूं नये. मात्र जें पाणी माती आणतें, तेंच ती नेतेंही. प्रवरेच्या कांठच्या गाळाच्या जमिनींत लहान ओघळींच्या खोल घळी झाल्या आहेत, आणि त्यांच्या कडा कोसळत शेतांत शिरतात.

कित्येकदां ही झीज हळूहळू न होतां एका घटकेंत होते. हरिश्चंद्रगडाच्या दक्षिणेस, जुन्नरच्या पलीकडे, पुणें जिल्ह्याच्या आंबेगांव तालुक्यांत माळीण गांव होतें. ता. ३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं मुसळधार पावसांत वरचा डोंगर सुटून गांवावर आला. सुमारें १५० माणसें गाडलीं गेलीं. नेहमींची एस. टी. गाडी घेऊन आलेल्या चालकास गांवच दिसेना, तेव्हां ही वार्ता बाहेर पडली. पुढें २०२१ सालीं महाड तालुक्यांतील तळिये व २०२३ सालीं खालापूर तालुक्यांतील इर्शाळवाडी यांवरही असाच घाला आला.

अशी वार्ता ऐकून कोणी म्हणतो, “त्या गांवाचें पाप भरलें असेल.” बंधूंनो, हें बोलणें आपल्या मुखीं शोभत नाहीं. शिलोह येथील बुरूज पडून अठरा माणसें मेलीं, तेव्हां तीं इतरांहून अधिक पापी होतीं हा तर्क प्रभूनें साफ नाकारला, आणि ऐकणाऱ्यांसच आपलें जीवन पालटावयास सांगितलें. मेलेल्यांचा न्याय करणें आपलें काम नव्हे. जिवंतांची काळजी घेणें आपलें काम आहे.

मोशेच्या नियमशास्त्रांत नव्या घराच्या धाब्याला कठडा बांधण्याची आज्ञा आहे. कठड्यावांचून कोणी पडला तर त्याचा दोष घरधन्यावर येतो. आपल्यापैकीं पुष्कळांना धाब्याचीं घरें ठाऊक आहेत, म्हणून ही आज्ञा समजावयास कठीण नाहीं. जो धोका ओळखतां येतो, तो टाळण्याची व्यवस्था करणें हा शेजारप्रीतीचाच भाग आहे.

डोंगराचा धोका पुष्कळदां ओळखतां येतो. उतारावर नव्या भेगा पडतात. झाडें व खांब कलतात. भिंती तडकतात, दारें अडूं लागतात. निर्मळ झरा एकाएकीं गढूळ होतो, किंवा भर पावसांत ओढ्याचें पाणी अकस्मात् कमी होतें. हीं चिन्हें दिसतांच माणसांनीं व गुरांनीं उताराखालून बाजूच्या पक्क्या जागीं जावें आणि तलाठ्यास व तहसील कचेरींत कळवावें. सामानासाठीं मागें फिरूं नये.

आणखी एक गोष्ट शिक्षकांनीं व उपदेशकांनीं लोकांस नीट समजावून द्यावी. हिवरे बाजारच्या टेकड्यांवर समतल चर खणून पाणी मुरविलें, आणि त्या कोरड्या गांवाचें मोठें हित झालें. पण जें कमी पावसाच्या टेकडीला औषध, तें अकोल्याकडील अतिवृष्टीच्या उभ्या उताराला विष होऊं शकतें. तेथें मुरूम पाण्यानें जड होतो आणि खालच्या कातळावरून निसटतो. म्हणून ज्या उताराखालीं वस्ती आहे, तेथें पाण्याला वाहून जाण्यास मोकळी वाट ठेवावी, डोंगराचा पायथा तोडूं नये, आणि जाणत्यास विचारल्यावांचून यंत्रानें सपाटी करूं नये. माळीणच्या प्रसंगीं जाणत्यांनीं अतिवृष्टीबरोबर अशा सपाटीकडेही बोट दाखविलें होतें.

तर दर वर्षीं मृगाच्या आधीं मंडळींतील दोघांतिघांनीं गांवच्या वडीलधाऱ्यांस घेऊन वरचा उतार पाहून यावा. पावसाळ्यांत रात्रीं कोणी जागें राहावयाचें, म्हाताऱ्यांस व बाळंतिणीस कोणी उचलावयाचें आणि कोठें न्यावयाचें, हें आधींच ठरवावें. हें करितांना जातधर्म पाहूं नये; डोंगर येतो तेव्हां तो कोणाचें घर निवडून येत नाहीं.

आपली आशा डोंगरावर नाहीं, डोंगर करणाऱ्यावर आहे. परंतु त्यानें डोळे दिले आहेत ते पाहावयास, आणि शेजारी दिला आहे तो जागा करावयास. ह्या दोन्ही गोष्टींत तो आपणांस विश्वासू ठेवो. आमेन.