शेजारच्या विहिरीचं पाणी

मार्च सरता सरता जळगाव-धुळ्याचा पारा चाळिशी ओलांडतो आणि घराघरांत मे महिन्याच्या सुट्टीचा विषय निघतो. पूर्वी त्यात ठरवण्यासारखं काही नसे. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येत, निंबाला झोके बांधले जात, आमरस आणि खापरावरची पुरणपोळी होई. मुलांची सुट्टी मामाच्या गावीच संपे. आता बेत समुद्राचा असतो. मुरूड-हर्णै, गुहागर, गणपतीपुळे, लांबची तयारी असेल तर तारकर्ली. खोलीत एसी आहे का, चोवीस तास गरम पाणी आहे का, आमच्यातले दोघं माळकरी आहेत, त्यांच्या जेवणाचं काय, सगळं फोनवर विचारून होतं. मे महिन्यात तुमच्या विहिरीला पाणी किती असतं, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

खानदेशी माणसाला हा प्रश्न सुचू नये, याचं मला फार वाईट वाटतं. धुळ्यात कित्येक वर्षं नळाची वाट दिवसचे दिवस पाहिली गेली आहे. नळ पहाटे येणार असेल तर घरातल्या बाईने रात्री निजायचं कधी, हेही नळच ठरवतो. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला घालणारी ही माणसं. तीच किनाऱ्यावर पोचली की पोरं समुद्रातून येऊन अर्धा-अर्धा तास शॉवरखाली उभी राहतात आणि आईवडील म्हणतात, राहू दे, पैसे मोजलेत.

पैसे कशाचे मोजलेत, हे नीट पाहायला हवं. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आपल्या चौपट-पाचपट. पण जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही, उतार तीव्र आणि समुद्र जवळ. पावसाळ्यात आलेलं बहुतेक पाणी वाहून जातं. म्हणून रत्नागिरी जिल्ह्यातल्या कितीतरी वाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकर लागतो. किनाऱ्यालगत तर आणखी एक धोका असतो. विहिरीतून उपसा वाढला की गोड्या पाण्याच्या जागी खारं पाणी आत शिरतं. खोलीचं भाडं आपण यजमानाला देतो. पण त्याच्या पंपाने ओढलेलं पाणी शेजारच्या घराच्या विहिरीतलंही असतं, आणि त्या घराला आपण एक पैसाही दिलेला नसतो. त्या घरातली म्हातारी आपल्याला कधी भेटणारही नाही. भाड्याच्या पावतीत तिचा हिशेब नाही, म्हणून तो आपल्या मनात असायला हवा.

हा प्रश्न एकट्या कोकणाचा नाही. भूमध्य समुद्राकाठच्या बार्सिलोनात २०२४ च्या फेब्रुवारीत दुष्काळामुळे पाण्याची आणीबाणी जाहीर झाली. त्याच वर्षी जुलैत तिथल्या रहिवाशांनी पर्यटकांच्या गर्दीविरुद्ध मोर्चा काढला आणि हॉटेलबाहेर बसलेल्या पाहुण्यांवर पिचकाऱ्यांनी पाणी उडवलं. आतिथ्य आटतं तेव्हा असं होतं. आपल्या कोकणात अजून तसं झालेलं नाही. तिथला माणूस भिडस्त आहे, हंगाम दोन महिन्यांचा आहे, तो बोलत नाही एवढंच.

मुरूड-हर्णै ज्या दापोली तालुक्यात येतं, त्या तालुक्याशी तर खानदेशाचं जुनं नातं आहे. तिथल्या पालगडात जन्मलेले साने गुरुजी १९२४ मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून आले. छात्रालयात मुलांच्या खोल्या झाडल्या, त्यांचे कपडे धुतले. परक्या मुलखात आलेल्या माणसाने कसं राहावं, याचं याहून मोठं उदाहरण मला ठाऊक नाही. आज आपण त्यांच्या तालुक्यात जातो तेव्हा गाडी थेट पुळणीवर घालतो. आंजर्ल्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी असतात आणि उन्हाळ्यापर्यंत पिल्लं बाहेर पडत असतात, हे ठाऊक असूनही काही जण घालतात. हे चूक आहे, आणि चुकीला सुट्टीची सवलत नसते.

तेव्हा यंदा खोली ठरवताना यजमानाला पाण्याबद्दल अवश्य विचारा. कमी आहे म्हणाला तर, आम्ही बादलीनेच अंघोळ करू, चादरी रोज बदलू नका, असं आपणहून सांगा. त्याला मागायला लावू नका. आणि मुलांच्या शाळेचं जमत असेल तर मे सोडून दिवाळीच्या सुट्टीत जा. तेव्हा कोकणातल्या विहिरी भरलेल्या असतात.